संगणकीय फाईलींच्या अखंडतेची पडताळणी : चेकसम कमांडचा वापर व मर्यादा (बारामती-इंदापूर परिसरातील दस्तऐवजांच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : चेकसम, हॅश फलन, कमांड लाइन, अंकीय दस्तऐवज, मात्रावृत्त, अंकीय पुरावा

प्रस्तावना :

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील नदीकाठची अनेक गावे फुगवट्याच्या पाण्याखाली गेली. जुने पळसदेव हे त्यांपैकीच एक होय. तेथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर एरवी जलाशयात असते. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात धरणाचा साठा फार खाली गेला, की ते पाण्याबाहेर येते. अशा वेळी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी व छायाचित्रकार तेथे पोहोचतात आणि मंदिराच्या बांधणीची व कोरीव कामाची छायाचित्रे घेतात. पावसाळा सुरू होऊन पाणी चढले, की हे काम थांबते. पुढची संधी केव्हा येईल हे पावसावर अवलंबून असते. आणि तोपर्यंत दगडावरची एखादी रेषा आणखी झिजलेली असते. त्या चार आठवड्यांत घेतलेले छायाचित्र हे म्हणूनच पुन्हा न घेता येणारे साधन ठरते.

अशी छायाचित्रे कॅमेऱ्याच्या कार्डावरून संगणकावर येतात, तेथून पेन ड्राइव्हवर, पुढे महाविद्यालयाच्या बाह्य हार्ड डिस्कवर आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर जातात. प्रत्येक टप्प्यावर प्रत काढली जाते. प्रत काढताना वीज जाते, पेन ड्राइव्ह घाईने ओढून काढला जातो, जुन्या डिस्कवरचा एखादा भाग निकामी झालेला असतो. यातून होणारी हानी दर वेळी डोळ्यांना दिसतेच असे नाही. फाईलीचे नाव, आकार आणि दिनांक पूर्वीचेच राहून आतील काही बाइट बदलले, असे होऊ शकते. दहा वर्षांनी उघडलेली फाईल ही पहिल्या दिवशीचीच फाईल आहे काय, या प्रश्नाचे उत्तर नाव व आकार पाहून देता येत नाही. ते उत्तर देण्यासाठी चेकसम नावाचे साधन वापरले जाते. बहुतेक संगणकांवर ते विनामूल्य आणि आधीपासूनच उपलब्ध असते, तरीही आपल्या महाविद्यालयांत व कार्यालयांत त्याचा वापर अपवादानेच होतो. प्रस्तुत लेखात या साधनामागील तत्त्व, त्याचा प्रत्यक्ष वापर आणि त्यापासून काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विचार केला आहे.

मात्रागणना : पडताळणीचा जुना प्रकार

चेकसमची कल्पना समजून घेण्यासाठी बारामतीबाहेर जाण्याची गरज नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) यांचा जन्म पन्हाळ्याचा. परंतु बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते येथे राहिले आणि त्यांचे बहुतेक काव्य कऱ्हेकाठी लिहिले गेले. त्यांच्या आर्या प्रसिद्ध आहेत. या आर्या प्रामुख्याने गीती या प्रकारात असून गीतीच्या प्रत्येक अर्धात १२ आणि १८ अशा ३० मात्रा असतात. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. आता एखाद्या लेखनिकाने पोथीची नक्कल करताना एक अक्षर गाळले, तर त्या अर्धात ३० ऐवजी २८ किंवा २९ मात्रा भरतील. मूळ पोथी समोर नसतानाही, केवळ बेरीज करून, या ओळीत काहीतरी चुकले आहे हे जाणकार वाचक सांगू शकतो. ३० ही संख्या येथे पडताळणी-अंकाचे काम करते.

परंतु हा अंक सर्व चुका पकडत नाही. ‘राम’ या शब्दाच्या तीन मात्रा. ‘कृष्ण’ या शब्दाच्याही, जोडाक्षरामागचे अक्षर गुरू होत असल्यामुळे, तीनच. एकाच्या जागी दुसरा शब्द आला तर बेरीज बदलत नाही. दोन शब्दांची अदलाबदल झाली तरीही ती बदलत नाही. गणांच्या रचनेचे नियम यांपैकी काही चुका उघड करतात, पण अर्थाने वेगळा आणि वजनाने सारखा शब्द नियमांतून निसटतो. मोरोपंतांनी रामायणे रचताना याहून कठोर बंधने स्वतःवर घालून घेतली होती. निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण येऊ द्यावयाचा नाही, असा त्यांचा नेम होता. त्या काव्याच्या एखाद्या नकलेत ‘प’ किंवा ‘म’ आढळला, तर तो कवीचा नव्हे, लेखनिकाचा, असे निश्चितपणे म्हणता येते. अर्थात कवीचा हेतू चमत्कृतीचा व भक्तीचा होता, पाठशुद्धीचा नव्हता. तरीही बंधन जितके गुंतागुंतीचे तितकी चूक लपणे अवघड, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

आजच्या व्यवहारातही असे अंक आहेत. आधार क्रमांकाच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक हा आधीच्या ११ अंकांवरून व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. एक अंक चुकीचा टंकला गेला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही पद्धत ती चूक हमखास ओळखते. परंतु ती मुद्दाम केलेली लबाडी ओळखत नाही. कारण नियमात बसणारा खोटा क्रमांक कोणालाही तयार करता येतो. निष्काळजीपणाने झालेला बदल आणि हेतुपुरस्सर केलेला बदल, या दोहोंतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

अंकीय ठशाची घडण :

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र, पत्र, ध्वनिमुद्रण आणि हिशेबाचा तक्ता यांत फरक नाही. सर्व फाईली म्हणजे बाइटांची रांग. या सर्व बाइटांची साधी बेरीज करून तिचा उर्वरित भाग लिहून ठेवणे, हा चेकसमचा प्राथमिक प्रकार होय, आणि त्यात मात्रागणनेचा दोष जसाच्या तसा असतो. क्रम बदलला तरी बेरीज तीच. त्यानंतर आलेल्या सीआरसी पद्धतीत (पीटरसन, १९६१) बेरजेऐवजी भागाकाराची बाकी घेतली जाते, त्यामुळे क्रमातील बदलही लक्षात येतो. झिप फाईलींत आजही हीच पद्धत वापरतात. मात्र तीही केवळ अपघाती चुकांसाठी आहे.

हेतुपुरस्सर केलेला बदल पकडण्यासाठी हॅश फलन लागते. आज सर्वाधिक प्रचलित असलेले एसएचए-२५६ हे फलन अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००२ मध्ये मानक म्हणून जाहीर केले. त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी : फाईलीचे ५१२ बिटांचे तुकडे केले जातात. शेवटच्या तुकड्यात एक खूण, आवश्यक तितकी शून्ये आणि फाईलीची मूळ लांबी भरली जाते. ३२ बिटांच्या आठ संख्या आरंभी ठरवून घेतलेल्या असतात. प्रत्येक तुकडा या आठ संख्यांमध्ये ६४ फेऱ्यांत मिसळला जातो आणि एका तुकड्याचा निष्कर्ष पुढच्या तुकड्याचा आरंभ ठरतो. शेवटी उरलेल्या आठ संख्या सलग लिहिल्या, की २५६ बिटांचा ठसा मिळतो. आरंभीच्या आठ संख्या पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकी भागांतून, तर फेऱ्यांतील ६४ स्थिरांक पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून घेतले आहेत. ही निवड लहरीची नाही. स्थिरांकांत रचनाकाराने स्वतःसाठी चोरवाट ठेवली असेल, असा संशय राहू नये म्हणून कोणालाही तपासता येतील अशा संख्या घेण्याची ही रीत आहे.

हा ठसा ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा रोमन अक्षरे वापरून ६४ चिन्हांत लिहितात. फाईल एका ओळीची असो वा संपूर्ण चित्रपटाची, चिन्हे ६४च.

मिसळणीचा परिणाम एका उदाहरणाने पाहता येईल. एका फाईलीत ‘बारामती’ आणि दुसरीत ‘बारामति’ एवढाच एक शब्द युनिकोडमध्ये (यूटीएफ-८ सांकेतनात) लिहिला, तर दोन्ही फाईली प्रत्येकी २१ बाइटांच्या, म्हणजे १६८ बिटांच्या होतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या या फरकाने त्यांतील फक्त ७ बिट बदलतात. ठशात मात्र २५६ पैकी सुमारे निम्मे बिट बदलतात, आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवले असता त्यांत काही नाते असल्याचे ओळखू येत नाही. मात्रागणनेत ‘ति’ आणि ‘ती’ यांत एका मात्रेचा फरक पडतो. तो अन्यत्र एक मात्रा कमी-अधिक करून भरून काढता येतो. येथे तशी भरपाई करण्याचा ज्ञात मार्ग नाही. २५६ बिटांच्या संभाव्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे, आणि अंदाजाने बदल करून करून ठसा जुळविणे ही कल्पनाच त्यामुळे व्यवहार्य राहत नाही.

जुन्या फलनांविषयी असे म्हणता येत नाही. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या एमडी५ फलनाचा ठसा १२८ बिटांचा (३२ चिन्हे) असतो. चीनच्या वांग शियाओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एकच एमडी५ ठसा असणाऱ्या दोन भिन्न फाईली करून दाखविल्या. एसएचए-१ (१६० बिट, ४० चिन्हे) फलनाबाबत हेच काम ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने व गूगलने फेब्रुवारी २०१७ मध्ये केले. त्यांनी भिन्न मजकुराच्या, पण एकच ठसा असलेल्या दोन पीडीएफ फाईली प्रसिद्ध केल्या. तथापि येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. एकाच व्यक्तीने दोन्ही फाईली स्वतः घडवून त्यांचे ठसे जुळविणे वेगळे, आणि दुसऱ्याने आधीच तयार केलेल्या फाईलीच्या ठशाशी जुळणारी नवी फाईल बनविणे वेगळे. यांतील दुसरी गोष्ट एमडी५ बाबतही व्यवहारात अद्याप साधलेली नाही. म्हणून जुन्या डिस्कवर एमडी५ ठशांची यादी सापडली, तर ती टाकून देऊ नये; अपघाती हानी ओळखण्यास ती पुरेशी आहे. नवी यादी करताना मात्र एसएचए-२५६ सोडून जुने फलन निवडण्याचे कारण नाही.

कमांडचा प्रत्यक्ष वापर :

पुढे कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत, एकेक अक्षर सुटे ओळखून टंकाव्यात. लिनक्समध्ये ‘एसएचए२५६सम’ ही कमांड व तिच्यापुढे फाईलीचे नाव दिले, की ६४ चिन्हांचा ठसा आणि नाव एका ओळीत दिसते. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल -हॅशफाईल’ यानंतर फाईलीचे नाव व ‘एसएचए२५६’ असे लिहावे. शेवटचा शब्द विसरल्यास ही कमांड एसएचए-१ चा ठसा देते, आणि तो अर्थातच जुळत नाही. नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो. चिन्हे ४० आहेत की ६४, हे मोजले तरी उलगडा होतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाईलहॅश’ ही कमांड असून ती न सांगता एसएचए-२५६ वापरते. मॅक संगणकावर ‘शासम -ए २५६’ अशी कमांड आहे. तेथेही २५६ ही संख्या न दिल्यास एसएचए-१ गृहीत धरले जाते. पॉवरशेल ठशातील अक्षरे मोठ्या लिपीत दाखविते आणि लिनक्स लहान लिपीत. या फरकाला महत्त्व नाही.

पळसदेवच्या छायाचित्रांसारखा संग्रह असेल, तर एकेक फाईल तपासणे शक्य नसते. समजा, ‘पळसदेव’ या फोल्डरमध्ये २,००० छायाचित्रे आहेत. त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एसएचए२५६सम *.जेपीजी > ../ठसे.टीएक्सटी’ अशी कमांड दिली, की सर्व ठशांची यादी एका मजकूर-फाईलीत तयार होते. नावाआधीचे दोन टिंब व तिरकी रेघ म्हणजे ‘बाहेरच्या फोल्डरमध्ये’. यादी बाहेर ठेवण्याची सवय चांगली; कारण फोल्डरमधील सर्वच फाईलींचे ठसे घेताना यादी आतच लिहिली जात असेल, तर अर्धवट लिहिलेल्या यादीचाही ठसा तिच्यात येतो आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत ती एक चूक दिसत राहते. फोल्डरमध्ये उपफोल्डर असल्यास ‘फाइंड’ या कमांडची जोड द्यावी लागते.

पुढे केव्हाही, नव्या डिस्कवरील त्याच फोल्डरमध्ये जाऊन ‘एसएचए२५६सम -सी ../ठसे.टीएक्सटी’ असे लिहिले, की संगणक प्रत्येक फाईलीचा ठसा पुन्हा काढून यादीशी ताडून पाहतो. जुळणाऱ्या फाईलीपुढे ‘ओके’, न जुळणाऱ्या फाईलीपुढे ‘फेल्ड’ असा शेरा येतो आणि शेवटी न जुळलेल्यांची संख्या मिळते. दोन हजार ओळी वाचावयाच्या नसतील तर ‘--क्वाएट’ हा पर्याय जोडावा. मग केवळ दोषी फाईलींची नावे दिसतात. सेकंदाला १२५ मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर ५०० गिगाबाइटच्या संग्रहाला सुमारे ६७ मिनिटे लागतात. प्रयोगशाळेचा एक तास गेला, इतकाच हा खर्च.

या तपासणीची एक उणीव सहसा सांगितली जात नाही. यादीतील फाईल नाहीशी झाली तर कमांड तसे कळविते. परंतु यादीत नसलेली नवी फाईल फोल्डरमध्ये कोणी घातली, तर ती त्याविषयी मौन पाळते. म्हणून यादीतील ओळींची संख्या आणि फोल्डरमधील फाईलींची संख्या वेगळी मोजून पाहणे आवश्यक असते. दुसरी गोष्ट, ठशाने हानी कळते, भरून निघत नाही. त्यासाठी किमान आणखी एक निर्दोष प्रत हवी. कोणती प्रत निर्दोष आहे हे सांगण्याचे काम यादी करते. यादी नसताना संगणकशिक्षकाने मोठ्या तत्परतेने ‘बॅकअप’ घेतला, तर बिघडलेली फाईल चांगल्या प्रतीवर लिहिली जाण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी दक्षताच हानीला कारण होते.

ठसा न जुळण्याची कारणे :

ठसा न जुळणे म्हणजे फाईल खराब झाली किंवा कोणी लबाडी केली, असा तर्क त्वरित करू नये. संगणक बाइट पाहतो, अर्थ पाहत नाही. मराठी मजकुराबाबत याचा प्रत्यय विशेष येतो. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र सांकेतिक अक्षर, हलन्त व ‘य’ येतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’ येतात. पडद्यावर व कागदावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण दुसरा तीन बाइटांनी मोठा असतो. दोन कळफलकांवर टंकलेल्या एकाच ठरावाच्या दोन फाईलींचे ठसे त्यामुळे पूर्णतः वेगळे येतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला, तर शब्द न् शब्द सारखा असूनही एकही बाइट पूर्वीचा राहिला असेल, याची खात्री नसते. वर्ड दस्तऐवज उघडून काहीही न बदलता पुन्हा साठविला, तरी आतील नोंदी बदलतात आणि ठसाही बदलतो. विंडोजमध्ये तयार केलेली ठशांची यादी लिनक्समध्ये नेली असता ‘अशी फाईल नाही’ असा संदेश येतो. तेथे ओळीच्या शेवटी विंडोजने घातलेले जादा चिन्ह हे कारण असू शकते.

सर्वांत नित्याचे कारण व्हॉट्सॲप हे आहे. त्यावरून सामान्य रीतीने पाठविलेले छायाचित्र आकाराने लहान करून पोहोचविले जाते आणि कॅमेऱ्याने नोंदविलेली वेळ, स्थान इत्यादी माहिती त्यातून गळते. भिगवणच्या पाणथळीत टिपलेले रोहित पक्ष्यांचे छायाचित्र असो, वा गारपिटीने झोपलेल्या द्राक्षबागेचे, समोरच्याला मिळते ती वेगळीच फाईल असते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ फाईल जशीच्या तशी जाते. ठसा दोन्ही बाजूंनी काढून पाहिला तर हा फरक क्षणात सिद्ध होतो, आणि विद्यार्थ्यांना चेकसम शिकविण्यासाठी याहून सोपा प्रयोग नाही.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठसा ‘ई३बी०सी४४२’ या चिन्हांनी सुरू होऊन ‘७८५२बी८५५’ या चिन्हांनी संपत असेल, तर ती फाईल रिकामी आहे. शून्य बाइटांच्या फाईलीचा एसएचए-२५६ ठसा जगात सर्वत्र हाच असतो. अर्धवट राहिलेल्या प्रतीच्या यादीत हा ठसा अनेकदा दिसू लागला, की नेमके काय घडले ते समजते.

ठसा कोणाच्या हाती असावा?

कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी वजन झाल्यावर वजनाची पावती निघते. पावतीची एक प्रत कारखान्याकडे राहते आणि एक ऊस उत्पादकाकडे येते. दोन्ही प्रती एकाच कपाटात राहिल्या असत्या, तर पुढे वाद उद्भवल्यास त्या पावतीला काय अर्थ राहिला असता? ठशाचेही तसेच आहे. फाईल आणि तिचा ठसा एकाच डिस्कवर, एकाच व्यक्तीच्या ताब्यात असतील, तर अपघाती हानी ओळखता येईल. पण फाईल बदलणारी व्यक्ती नवा ठसाही लिहून ठेवू शकेल.

याचे उत्तम उदाहरण फेब्रुवारी २०१६ मध्ये घडले. लिनक्स मिंट या मुक्त संगणकप्रणालीच्या संकेतस्थळात २० फेब्रुवारी रोजी घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोडची कडी बदलून ती चोरवाट असलेल्या बनावट फाईलीकडे वळविण्यात आली. प्रकल्पाच्या चालकांनी दुसऱ्या दिवशी ही गोष्ट जाहीर केली व खऱ्या फाईलींचे एमडी५ ठसे प्रसिद्ध केले. ज्यांनी फाईल उतरवून घेतली होती त्यांना आपली फाईल खरी की खोटी, हे एका कमांडने कळू शकले. परंतु ठसे ज्या पानावरून घ्यावयाचे ते पानच घुसखोराच्या ताब्यात असते, तर त्याने तेथे बनावट फाईलीचा ठसा लिहिला असता आणि सर्व ‘ओके’ आले असते. म्हणूनच लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्या ठशांच्या यादीवर अंकीय स्वाक्षरी करतात. ती ‘जीपीजी’ या कमांडने तपासता येते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाळीस संगणकांवर एकच आयएसओ फाईल बसविण्यापूर्वी ही दोन मिनिटांची तपासणी करणे, हे प्रयोगशाळा-सहायकाचे नित्याचे काम मानले गेले पाहिजे.

तुलना डोळ्यांनी करण्याच्या सवयीबद्दलही येथे सांगितले पाहिजे. सामान्यतः ठशाची पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे पाहून ‘जुळले’ असे म्हटले जाते. अपघाती बदलासाठी हे चालण्यासारखे आहे. परंतु आठ चिन्हांच्या शक्यता केवळ ४२९ कोटींच्या आसपास आहेत, आणि फाईलीत निरुपद्रवी बदल करीत करीत तेवढी आठ चिन्हे जुळविणे आजच्या साध्या संगणकालाही अवघड नाही. तुलना कमांडकडूनच करून घ्यावी.

न्यायालयीन पुराव्यात ठशाचे स्थान :

आपल्या कायद्याला हॅश फलन नवे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ३ मध्ये अंकीय स्वाक्षरीच्या संदर्भात त्याचे स्पष्टीकरण दिलेले आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागलेला अंकीय स्वाक्षरीचा सातबारा याच तत्त्वावर उभा आहे : उताऱ्याचा ठसा काढून त्या ठशावर स्वाक्षरी केली जाते, आणि उताऱ्यातील एक अंक बदलला तरी स्वाक्षरी अवैध ठरते. मात्र ही तपासणी फाईलीची होते. उतारा छापून त्याची झेरॉक्स काढल्यावर त्या कागदात ठसा उरत नाही, ही गोष्ट वापरणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच असते.

अंकीय पुराव्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय मराठवाड्यातील प्रकरणात झाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन पंडितराव खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाले, असा आक्षेप कैलास किसनराव गोरंट्याल यांनी घेतला व त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेतला. चित्रीकरणाच्या तबकड्या न्यायालयात आल्या, पण भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरणच हजर केलेले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे स्पष्ट केले. (निवडणूक रद्द ठरविणारा उच्च न्यायालयाचा निर्णय अन्य पुराव्याच्या आधारे कायम राहिला.)

त्या प्रमाणपत्रात ठशाचा उल्लेख कायद्याने मागितलेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने तो मागितला. या अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दिलेला असून त्याचा एक भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे. दोन्ही भागांत अंकीय नोंदीचा ठसा लिहिण्याची जागा आहे आणि तो कोणत्या फलनाने काढला हे दर्शविण्यासाठी एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ व अन्य असे पर्याय आहेत. ज्या दोन फलनांची दुर्बलता जगासमोर सिद्ध झाली आहे, ती २०२३ च्या नमुन्यात राहावीत, हे आश्चर्यकारक आहे. प्रमाणपत्र भरणाऱ्याने एसएचए-२५६ वरच खूण करावी. त्यासाठी अधिक वेळ वा खर्च लागत नाही.

याचा अर्थ असा, की आजवर संगणक विभागाच्या प्रात्यक्षिकापुरती असलेली ही कमांड आता पतसंस्थेच्या सचिवाला, सीसीटीव्हीचे चित्रीकरण पोलिसांना देणाऱ्या दुकानदाराला आणि बांधाच्या वादात भ्रमणध्वनीवरील चित्रफीत सादर करणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू झाली आहे. परंतु ठसा वाद न्यायालयात गेल्यावर, दोन वर्षांनी काढला, तर त्यावरून त्या दिवसापासून पुढे फाईल बदलली नाही एवढेच दिसते. मधल्या दोन वर्षांविषयी तो काहीही सांगत नाही. चित्रीकरणात जे दिसते ते खरे आहे, असेही तो सांगत नाही. मुळातच बनवून केलेल्या चित्रफितीचा ठसाही तितकाच निर्दोष जुळतो.

पळसदेवच्या संग्रहासंबंधी करावयाची व्यवस्था यावरून निश्चित करता येते. छायाचित्रे कार्डावरून उतरविली त्याच दिवशी, ती पाहण्यापूर्वी व त्यांची नावे बदलण्यापूर्वी ठशांची यादी करावी. मग या यादीच्या फाईलीचा स्वतःचा ठसा काढावा. दोन हजार ठसे कागदावर उतरविणे शक्य नसले तरी ही एक ओळ उतरविणे शक्य आहे. ती ६४ चिन्हे, दिनांक, फाईलींची संख्या आणि वापरलेल्या फलनाचे नाव महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दाखल नोंदवहीत शाईने लिहावे, छायाचित्रे घेणारा विद्यार्थी व ग्रंथपाल या दोघांनी खाली सह्या कराव्यात आणि त्या नोंदीचा क्रमांक डिस्कच्या वेष्टनावर चिकटवावा. डिस्क बदलली, की नव्या डिस्कवरील तपासणीचा निकाल त्याच नोंदीखाली पुढच्या दिनांकासह लिहावा.